संगमनेरचा फंदी

रॅप हे गाणं आहे की नुसतं भराभर बोलणं, हा वाद आमच्या पिढीने पहिल्यांदा ऐकला तो १९९२ साली. बाबा सहगलचं ‘ठंडा ठंडा पानी’ कॅसेटवर आलं आणि रसवंतीपासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळीकडे वाजू लागलं. घरातली मोठी माणसं कपाळाला आठ्या घालून म्हणायची, “ह्याला चाल कुठंय?” त्यांच्याच तरुणपणी, १९६८ च्या ‘आशीर्वाद’ सिनेमात, अशोककुमारने रेलगाडीचं गाणं असंच ठेक्यावर बोलून म्हटलं होतं आणि ते त्यांना तोंडपाठ होतं. पण ते दादामुनींनी म्हटलेलं, म्हणून चाललं. आपल्याकडे एखादी गोष्ट काय आहे यापेक्षा ती कोण करतंय यावर तिची किंमत ठरते. आज ज्या माणसाबद्दल लिहायचंय त्याच्या बाबतीतही तेच झालं, म्हणून हे आधी सांगितलं.

त्याचं नाव अनंत फंदी. माझ्या माहेरचा, संगमनेरचा. जन्म १७४४, मृत्यू १८१९.

तुम्ही म्हणाल, तो तर आपल्या शाळेच्या पुस्तकातला. धोपट मार्ग सोडू नका असं सांगणारा. बरोबर, तोच. पण एवढ्यावरच आपण त्याला निकालात काढलं ना, तिथेच अन्याय झाला. पेशवाईतल्या सहा मोठ्या शाहिरांची नावं घेतात: रामजोशी, होनाजी, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ आणि हा. रामजोशीवर १९४७ मध्ये सिनेमा निघाला. होनाजीवर १९५१ मध्ये ‘अमर भूपाळी’ आला आणि होनाजी घराघरात पोचला. फंदीच्या वाट्याला आला तो पाठ्यपुस्तकातला एक फटका आणि त्याखाली ‘कवी काय उपदेश करतो ते लिहा’ असा पाच गुणांचा प्रश्न. ज्या माणसाला डफाच्या तालावर ऐकायचं, त्याला आपण सुविचारासारखं फळ्यावर लिहून ठेवलं.

खरं तर त्याचं स्वतःचं आयुष्य पाहिलं तर धोपट मार्ग सोडू नको हे त्याने कुठल्या तोंडाने सांगितलं असेल, याचं हसू येतं. मूळ आडनाव घोलप. यजुर्वेदी ब्राह्मणाचं घर. वडील भवानीबावा. पोरगं शिकेल, पोथी सांगेल, असंच घरच्यांना वाटलं असणार. तर हा तमाशात गेला! तेव्हा तमाशाचा फड काढणं म्हणजे काय, हे आजच्या मुलींना नीटसं कळणार नाही. घराण्याच्या नावाला काळं फासणं. त्यात संगमनेरात मलिक फंदी नावाचा एक फकीर होता, जरा विचित्र वागणारा, लोक त्याला नावं ठेवत. त्याच्याशी ह्याची घट्ट मैत्री. मग लोक ह्यालाही फंदीच म्हणायला लागले. छंदीफंदी, या अर्थाने. हिणवायला ठेवलेलं नाव. त्याने ते झटकलं नाही. आपल्या कवनांच्या शेवटी घालून मिरवलं आणि आज त्याचं आडनाव विचारलं तर संगमनेरातसुद्धा दहातले नऊ जण ‘घोलप’ सांगू शकणार नाहीत.

आता रॅपवाले काय करतात? लोकांनी ठेवलेलं किंवा स्वतः घेतलेलं टोपणनाव हेच त्यांचं नाव होतं आणि गाण्यात ते पुन्हा पुन्हा येतं. आपल्याला ते गर्वाचं वाटतं. पण आपल्याच स्तवनाच्या शेवटच्या कडीत ‘आनंदघन’ येतं तेव्हा आपण हात जोडतो. नाममुद्रा ही जुनी गोष्ट आहे, मैत्रिणींनो. ज्या काळी छापखाना नव्हता, कागद एखाद्याकडेच असायचा, त्या काळी आपली रचना दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून तिच्या पोटात आपलं नाव गुंफायचं. तोंडोतोंडी जाणाऱ्या वस्तूवर दुसरा शिक्का कुठून मारणार?

रॅपची गोष्ट सांगतात ती ११ ऑगस्ट १९७३ पासून. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात गरिबांच्या वस्तीतली एक इमारत. जमैकाहून आलेल्या घरातला अठरा वर्षांचा मुलगा, पुढे कूल हर्क म्हणून नावाजला तो. त्याच्या बहिणीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते, म्हणून तिने इमारतीतल्या हॉलमध्ये तिकीट लावून पार्टी ठेवली आणि भावाला रेकॉर्डी वाजवायला बसवलं. त्याने काय केलं, गाण्यातला नुसता ठेक्याचा तुकडा दोन तबकड्यांवर आलटून पालटून वाजवत लांबवला. त्या ठेक्यावर बोलणारे लोक आले, मग यमकं जुळवणारे आले, मग एकमेकांना आव्हान देणारे आले. या सगळ्या दंतकथेत त्या बहिणीच्या कपड्यांची गोष्ट मला सगळ्यात आवडते. (११ ऑगस्ट ही तारीख आम्हा दादरा-नगर हवेलीवाल्यांनाही पाठ असते. १९६१ साली त्याच तारखेला आमचा प्रदेश रीतसर भारतात आला. योगायोग, दुसरं काय!)

ठेका, यमक, आव्हान. हे तिन्ही आपल्या शाहिरांकडे होतंच. ठेक्याला डफ आणि तुणतुणं. मागे झील धरणारे झीलकरी, शाहिराने ओळ सोडली की उंच आवाजात ती झेलणारे. आणि आव्हानाला कलगी-तुरा. हा काय प्रकार होता ते आपण बायकांनी माहीत करून घ्यायलाच हवं. दोन फड समोरासमोर बसायचे. तुरेवाले म्हणायचे शिव श्रेष्ठ, कलगीवाले म्हणायचे शक्ती श्रेष्ठ. एकाने कवनातून कोडं घालायचं, दुसऱ्याने कवनातूनच उत्तर द्यायचं. रात्र रात्र चालायचं. पुरुष मोठा की बाई मोठी, यावर महाराष्ट्रातली गावंच्या गावं जागत होती आणि बाईच्या बाजूने भांडणारे शाहीर पुरुषच होते. घरी जाऊन ते बायकोशी कसे वागत असतील हा प्रश्न वेगळा.

फंदीची खरी करामत ज्यात आहे तो फटका. नावातच चाबकाचा आवाज आहे. मी कलाशाखेची पदवीधर, छंदशास्त्र तेव्हा गुणांपुरतं शिकले आणि विसरले. पण फटका बोटांवर मोजून बघा, स्वयंपाक करता करतासुद्धा जमतो. आठ मात्रा, पुन्हा आठ, पुन्हा आठ, आणि शेवटी सहा. एकूण तीस. तीनदा पूर्ण वेढा आणि चौथ्यांदा दोन मात्रा कमी. त्या दोन मात्रांच्या रिकाम्या जागेत डफावर थाप पडते आणि श्वास घेता येतो. म्हणजे ओळ संपते तिथेच मार बसतो. वर त्याने प्रत्येक ओळ नकाराने संपवली आहे. असं करू नको, तसं करू नको. एकच शब्द दर वेळी शेवटी येऊन आदळतो. शिवाय ओळीच्या पोटात यमकं पेरलेली, म्हणजे जीभ अडखळायला जागाच नाही, घसरतच जाते. हे शांतपणे वाचायचं काव्य नाही. झपाट्याने म्हणायचं, समोरच्याच्या डोळ्यात बघून म्हणायचं.

आणि म्हणतो काय? शाळेत आपल्याला वाटलं होतं हा नुसता आजोबांसारखा बोधामृत पाजतोय. नीट ऐका. तो सांगतो, दुसऱ्याचं वर्म काढून त्याला लाजवू नको. श्रीमंतीचा आणि शहाणपणाचा तोरा मिरवू नको, तुझ्यापेक्षा वरचढ जगात बसलेला असतो. आणि सगळ्यात धारदार म्हणजे, वरच्या कुणाचं पाठबळ आहे म्हणून गरिबावर गुरगुरू नको, ही सत्ता दोन दिवसांची आहे. हे कुठे म्हणतोय तो? पेशवाईत. जिथे प्रत्येक कमाविसदाराच्या मागे कुणी तरी मोठा होता आणि प्रत्येक गावात कुणी तरी त्याच्या नावाने गुरगुरत होता. हा उपदेश लहान मुलांसाठी नाही. भर बाजारात उभं राहून मोठ्यांना सुनावलेलं आहे, आणि सुनावण्याची युक्ती अशी की कुणाचं नाव घेतलेलं नाही. ज्याला लागायचं त्याला लागलं.

आमच्या कापडदुकानात फंदीचा एक वेगळाच उपयोग होता. तो फटक्यात सांगतो की मैत्रीखातर स्वतःच्या पदराला खार लावून घे, पण कुणाला जामीन राहू नको. बाबांना तेवढा भाग पाठ होता. कुणी ओळखीचा माणूस दुसऱ्याच्या उधारीसाठी शब्द टाकायला आला की बाबा वही बंद करायचे आणि ती ओळ म्हणायचे. समोरचा हसायचा, विषय संपायचा. मारवाडी जैन व्यापारी आणि तमाशातला ब्राह्मण शाहीर, दोघांचं शहाणपण जामिनाच्या प्रश्नावर एक झालेलं मी लहानपणापासून पाहिलंय.

फंदीने पोवाडेही रचले. नाना फडणीसांवर, खर्ड्याच्या लढाईवर. खर्डा आमच्याच नगर जिल्ह्यातलं, जामखेड तालुक्यात. ११ मार्च १७९५ ला मराठ्यांनी तिथे निजामाला हरवलं. सगळे सरदार एका झेंड्याखाली आले ते बहुधा शेवटचंच. सवाई माधवराव पेशवे तेव्हा वीस वर्षांचे. पुण्यात आनंदीआनंद. आणि आठ महिने व्हायच्या आत, ऑक्टोबरमध्ये, तोच पेशवा शनिवारवाड्याच्या गच्चीवरून पडून गेला. ज्या शाहिराने त्याच्या विजयाचा पोवाडा गायला, त्यालाच पुढे त्याच्या मृत्यूचं ‘श्रीमाधवनिधन’ हे ओवीबद्ध काव्य लिहावं लागलं. एकाच आयुष्यात, एकाच माणसाबद्दल, डफावरून ओवीवर यावं लागणं. मला तरी वाटतं, मराठी राज्य कसं संपलं हे तारखांपेक्षा ह्या दोन रचना शेजारी ठेवून जास्त कळतं.

ह्याच सवाई माधवरावाच्या काळाचा आमच्या वासोण्याशीही संबंध आहे. सिल्वासात अजून पुष्कळ जणांना वाटतं की पोर्तुगीजांनी हा मुलूख लढून घेतला. तसं नाही. मराठ्यांच्या आरमाराने १७७२ मध्ये सांताना नावाचं पोर्तुगीज जहाज धरलं होतं. पुढे १७७९ मध्ये पेशव्यांनी पोर्तुगीजांशी मैत्रीचा तह केला आणि भरपाई म्हणून वर्षाला १२,००० रुपयांच्या महसुलाची गावं द्यायचं कबूल झालं. १७८३ मध्ये नगर हवेली दिली, १७८५ मध्ये दादरा गेलं. गावं अशी दिली, जशी आपण देण्याघेण्यात भांडी देतो. दिली गेली तेव्हा पेशवा नऊ वर्षांचा होता, कारभार नानांचा होता आणि फंदी एकोणचाळीस वर्षांचा, ऐन भरात. १८१८ मध्ये पेशवाईच बुडाली, मग महसूल मागणाराच राहिला नाही आणि पोर्तुगीज मालक होऊन बसले, ते १९५४ पर्यंत. सोडवायला आलेल्यांत पुन्हा एक गाणारा माणूस होता, सुधीर फडके. २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. पण १७८३ ला इथल्या वारली, कोकणा, धोडिया माणसांना आपण एका तहात दिले गेलो हे कुणी येऊन सांगितलं असेल का? त्यांचा तारपा तेव्हाही वाजत होता. पोवाडे रचणाऱ्यांपैकी कुणी ह्या डोंगरात फिरकलं नाही. शाहीर गेला तिथे सरदार होते. ही त्या परंपरेची उणीव आहे आणि फंदीचं कौतुक करताना ती मी झाकणार नाही.

आता अहिल्यादेवींची गोष्ट. ही सांगताना मला जपून बोलावं लागतं, कारण देवींबद्दल माझ्या मनात इतका आदर आहे की चौंडीचा फाटा दिसला तरी हात जोडले जातात. आख्यायिका अशी की फंदीचा आणि त्यांचा योग आला, तेव्हा त्यांनी त्याला सुनावलं. ब्राह्मणाच्या पोटी जन्मून डफ हातात घेऊन तमाशा करतोस, हे शोभत नाही. फंदीने ते मनाला लावून घेतलं, तमाशा सोडला आणि तो कीर्तन करू लागला. ही गोष्ट सगळीकडे ‘वाट चुकलेला माणूस सुधारला’ या सुरात सांगतात.

मला ती तशी सांगता येत नाही. अहिल्यादेवी गेल्या १३ ऑगस्ट १७९५ ला. खर्ड्याची लढाई त्याच वर्षीच्या मार्चमधली. नाना फडणीस त्यानंतर पाच वर्षं जगले. म्हणजे देवींनी कधीही कान पिळला असला, तरी पोवाडा रचणं त्याने म्हातारपणाकडे झुकल्यावरही सोडलेलं दिसत नाही. फड सुटला असेल, जीभ सुटली नाही. आणि माझा आपला अंदाज असा, की फटका हा त्या कानपिळणीतूनच निघाला असावा. आत कीर्तनाचा मजकूर, बाहेर तमाशाचा ठेका. देवींनाही हो म्हटलं आणि डफालाही अंतर दिलं नाही. ह्याला पुरावा मागाल तर माझ्याकडे त्या आठ-आठ-आठ-सहा मात्रांशिवाय काही नाही. पण घरातल्या कुणाही सुनेला विचारा, वडिलधाऱ्यांचा शब्द मोडायचा नाही आणि आपलंही चालवायचं, हे कसं जमवतात. तिला पटेल.

‘शोभत नाही’ हा शब्द माझ्या मनात इतका का रुतलाय, त्याला कारण आहे. माझी पुतणी अठरा वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी समाजाच्या एका स्नेहमेळाव्यात तिने स्वतः लिहिलेलं रॅप म्हटलं. विषय काय, तर लग्नासाठी बघायला येणारे लोक मुलीला काय काय विचारतात. पोळी गोल येते का, पगार किती, उंची किती, चष्मा कायमचा आहे का. सभागृहातल्या मुली टाळ्या वाजवत होत्या आणि पुढच्या दोन रांगा गप्प होत्या. खाली उतरल्यावर एका जाणत्या गृहस्थांनी तिच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, “पोरगी हुशार आहे, पण आपल्या घरात हे शोभत नाही. स्तवन म्हणायला लावा.” दिरांनी मान हलवली. पोरगी त्या रात्री जेवली नाही.

तिला मी फंदीची गोष्ट सांगितली ती सांत्वन म्हणून नव्हे. तिला वाटत होतं की आपण काहीतरी बाहेरचं, परक्यांचं उचललंय, म्हणून घरचे नाराज आहेत. मी म्हटलं, “अगं, तू उचललंयस ते तुझ्या काकूच्या माहेरचंच आहे.” तिने मोबाइलवर शोधलं, तर शाळेच्या स्वाध्यायाची उत्तरं सापडली. मग आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहिलो आणि मी स्टीलच्या डब्यावर ताल धरला. पहिल्यांदा तिची गाडी आठव्या मात्रेवरच घसरली. तिच्या रॅपमध्ये ती एका दमात जास्त शब्द कोंबते आणि श्वास चोरते. फटक्यात श्वासाची जागा ठरलेली. तिसऱ्या-चौथ्यांदा जमलं, तेव्हा ती म्हणाली, “काकू, हा माणूस तर तयारच आहे. फक्त माइक हवा.”

आता थोडं, हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं कसं याबद्दल. पेशवाई बुडाल्यावर शाहिरांना आश्रय राहिला नाही. फंदी तर पुढच्याच वर्षी गेला. कवनं गोंधळ्यांच्या, शाहिरांच्या तोंडी आणि कुणाकुणाच्या बाडात राहिली. पुढे शंकर तुकाराम शाळिग्राम ह्या गृहस्थांनी गावोगावची ही धन गोळा केली आणि ॲकवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर १८९१ मध्ये पोवाड्यांचा मोठा संग्रह छापला. हा ॲकवर्थ म्हणजे मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर, वडाळ्याच्या कुष्ठरोग्यांच्या इस्पितळाला ज्याचं नाव आहे तोच. महारोग्यांसाठी छप्पर उभारणाऱ्या माणसाला आपल्या डफावरच्या गाण्यांचीही कळकळ वाटावी, हे मला फार बरं वाटतं. शाळिग्रामांचं नाव मात्र आज किती जण घेतात? ते नसते तर पाठ्यपुस्तकवाल्यांनाही हाताशी काय लागलं असतं!

लोक म्हणतात फंदीत रामजोशीची विद्वत्ता नाही. नाहीच. रामजोशी संस्कृत, कन्नड सगळं एका लावणीत गुंफायचा, ते पंडिताचं काम. होनाजीचा गोडवाही फंदीत नाही. त्याच्या शृंगाराच्या लावण्या मला तितक्याशा भावत नाहीत, त्यात इतरांनी अधिक चांगलं केलंय. पण सरळ, रोजच्या बोलण्यातली मराठी घ्यायची, वाण्याच्या दुकानातली, पारावरची, आणि तिला असा वेग द्यायचा की ऐकणाऱ्याला वाटावं हे आपणच म्हणालो असतो, हे त्याच्याइतकं कुणालाच साधलं नाही. होनाजीनेच त्याला कवनांचा सागर म्हटलंय म्हणतात. एका फडकऱ्याने दुसऱ्याला असं म्हणणं, हे आजकालच्या रॅपवाल्यांत तर सोडाच, आपल्या महिला मंडळातही दुर्मीळ आहे.

संगमनेरात त्याच्या नावाने व्याख्यानमाला चालते. मोठमोठे वक्ते येऊन जातात, गर्दी होते, गावाला तिचा अभिमान आहे आणि मलाही. माझी फक्त एक मागणी आहे आणि ती मी भावाला फोनवर सांगून ठेवली आहे, त्याची तिथल्या लोकांत ऊठबस आहे. एखाद्या वर्षी एक संध्याकाळ व्याख्यान ठेवू नका. डफ, तुणतुणं, मागे दोन झीलकरी, आणि समोर गावातली अठरा-वीस वर्षांची पोरं-पोरी, हातात आपापल्या वह्या घेऊन. भाऊ म्हणाला, “विचारून बघतो, पण पोरी कोण पाठवणार?” मी म्हटलं, एक तर वासोण्याहून येईल, तिच्या येण्याजाण्याचं मी बघते.